मोरजीच्या किनाऱ्यावर कासवांची नोंद ठेवायला येताय?

कॉलेजची मुलं दरवर्षी विचारतात, कासवं बघायला व्हॉलंटियर म्हणून यायचंय, घेतात का. घेतात, पण कासव दिसेलच असं नाही आणि खरं काम ते नव्हेच. उजाडायच्या आत किनारा चालायचा, जे दिसेल ते वेळ-जागेसकट लिहायचं, आणि काहीच दिसलं नाही तर 'काही नाही' असंही लिहायचं. नवीन मुलं नेमकं हेच सोडतात, पण मग नंतर वही उघडणाऱ्याला कळणार कसं की त्या दिवशी कासव आलं नव्हतं की आपलाच माणूस आला नव्हता?

गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. आधी कासवाचा वाळूतला माग ओळखायला शिका. दोन्ही बाजूंचे पायांचे ठसे समोरासमोर नसतात, एकाआड एक पडतात. वर गेलेला माग आणि उतरलेला माग यांच्यामध्ये वाळू उधळून चेपलेली असेल तर घरटं असू शकतं, नुसतंच वळण असेल तर मादी बहुतेक अंडी न घालताच परत गेलीय. कसंही असो, उकरायचं नाही, वन खात्याच्या माणसाला लगेच फोन. लगेच का, तर अंडी हलवायची झाली तर लवकरच हलवावी लागतात; काही तास गेले की गर्भ आतून कवचाला चिकटतो आणि मग अंडं नुसतं फिरलं तरी मरू शकतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे कासव शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षणाच्या यादीत आहे, त्यामुळे हौसेने हात लावणं हा गुन्हाच.

मला सगळ्यात जास्त तळमळ आहे ती लाइटच्या नोंदीची. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, किनाऱ्यावर शॅकचे (खाण्यापिण्याच्या झोपड्यांचे) पांढरे फोकस चालू असतील तर समुद्र सोडून रस्त्याकडे वळतात, म्हणून कुठला लाइट, किती वाजता, कुठल्या दिशेला तोंड करून, हे रोज लिहा. स्वतःचा टॉर्च लाल, मोबाइलचा फ्लॅश बंद.

मेलेलं कासव सापडलं की टेपने पाठीची लांबी घ्या, पायांवर जाळ्याचे वळ आहेत का बघा, फोटो काढा, आणि तेच कासव दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून जागा नीट लिहा. मे महिन्यात कासवं कमी, पण डांबराचे काळे गोळे किनाऱ्याला लागतात, ते कुठून कुठपर्यंत पसरलेत तेही वहीत हवं.

यायचं असेल तर सीझन सुरू व्हायच्या आधी, ऑक्टोबरातच वन खात्याच्या जवळच्या ऑफिसात जाऊन भेटा, आणि परीक्षेच्या तारखा तेव्हाच सांगून टाका, मधेच एखादा गळला की त्याच्या वाटणीचा किनारा कुणीच चालत नाही.