कोकणातल्या दमट हवेत घरचा साबण: कॉस्टिक सोड्यापासून वडीपर्यंत

घरी साबण करण्याच्या बहुतेक कृती कोरड्या हवेच्या गावांसाठी लिहिलेल्या असतात. रत्नागिरीत, मालवणात किंवा वेंगुर्ल्यात त्याच कृतीने केलेली वडी पावसाळी हवेत मऊ पडते, वर पाण्याचे थेंब धरते, आणि बोल लागतो तेलाला. म्हणून आधी मोसम बघा. साबण दिवाळीनंतर करायला घ्यावा, म्हणजे शिमग्यापर्यंत निवांत वाळतो. अगदी उशीर म्हणजे एप्रिलचा मध्य, कारण मृग लागायच्या आत वाळवणीला सहा आठवडे मिळायला हवेत. श्रावणात हौस आली तर तेल विकत आणून ठेवा आणि थांबा.

तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. कॉस्टिकशिवाय खरा साबण होत नाही. ‘केमिकल नसलेला’ म्हणून विकतात तोही कॉस्टिक किंवा पोटॅशनेच झालेला असतो. माप बरोबर असेल तर वाळलेल्या वडीत कॉस्टिक उरत नाही. नारळाच्या सोडणांच्या राखेचं पाणी वापरा, असा सल्ला कुणीतरी देतंच. त्या राखेत पोटॅश असतं. पोटॅशचा साबण मऊ, लगद्यासारखा राहतो, शिवाय त्या पाण्याची ताकद घरी नेमकी मोजता येत नाही. त्या वाटेला न गेलेलं बरं.

साहित्य (साधारण सात वड्या)

खोबरेल तेल 300 ग्रॅम
शेंगतेल 100 ग्रॅम
कोकमतेल (मुठेल) 50 ग्रॅम
एरंडेल 50 ग्रॅम
कॉस्टिक सोडा 76 ग्रॅम
पाणी 152 ग्रॅम

सगळं वजनाने, एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर. पाणीसुद्धा. वाटी-चमच्याचा हिशोब इथे चालत नाही.

खोबरेलाने फेस येतो आणि वडी टणक होते. किनाऱ्यालगतच्या मचूळ पाण्याच्या विहिरींवर इतर साबण फुटतात, पण खोबरेलाचा फेस धरतो. खाऱ्या पाण्यात चालणारा दर्यावर्दींचा साबण खोबरेलाचाच असे. नुसत्या खोबरेलाचा साबण मात्र कातडी कोरडी करतो, म्हणून शेंगतेल. कोकमतेलाने वडीला घट्टपणा येतो, एरंडेलाने फेस टिकतो. लाकडी घाण्याचं महागडं खोबरेल यात ओतू नका, ते डोक्याला लावा. साबणाला साधं खोबरेल पुरतं, फक्त खवट नको. खवट तेलाच्या वडीवर पुढे नारिंगी डाग पडतात आणि वास येतो.

तेल बदलायचं झालं तर कॉस्टिकही बदलतं. एक ग्रॅम तेलाचा साबण व्हायला खोबरेलाला साधारण 0.183 ग्रॅम कॉस्टिक लागतं, शेंगतेलाला 0.137, कोकमतेलाला 0.135 आणि एरंडेलाला 0.128. वरच्या मापांची बेरीज 82 ग्रॅमच्या जरा आत येते. त्यातून सात टक्के मुद्दाम कमी केले की 76. म्हणजे थोडं तेल साबण न होता मागे राहतं, कातडीला ते बरं असतं आणि मोजण्यातली बारीक चूकही पोटात घेतली जाते. खोबरेल संपलं म्हणून तेवढंच शेंगतेल घातलं आणि कॉस्टिक तेच ठेवलं, तर ती वडी अंग भाजेल.

कॉस्टिक घेताना

रसायनांच्या दुकानात सोडियम हायड्रॉक्साइड मागा, पाकिटावर 98 टक्के किंवा जास्त शुद्धता लिहिलेली हवी. मोरी साफ करायची पावडर नको, तिच्यात इतर गोष्टी मिसळलेल्या असतात. आपल्या हवेत कॉस्टिक उघडं राहिलं की पाणी ओढून घेतं आणि चिकट होतं. मग काट्यावर 76 ग्रॅम दिसतात, पण त्यातलं काही नुसतं पाणी असतं, आणि साबण तेलकट, मऊ राहतो. गुठळ्या झालेलं पाकीट साबणाला वापरू नये. लहान पाकीट आणा, मोजून झालं की लगेच घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत भरा, बरणीवर ठळक नाव लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी कुलपात ठेवा. पांढऱ्या पापड्या दिसतात निरुपद्रवी, धोका तिथेच आहे.

मिसळण्याआधी

डोळ्यांना बंद गॉगल, हातात लांब रबरी मोजे, पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, पायात बंद चपला. हे खळ्यात किंवा मागच्या पडवीत करा, वारा पाठीकडून येईल असं उभं राहून. मुलं, मांजरं, कोंबड्या तेवढ्या वेळापुरत्या लांब. बादलीभर स्वच्छ पाणी हाताशी.

भांडी स्टेनलेस स्टीलची किंवा जाड पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकची. अ‍ॅल्युमिनियमचं काहीही नको, टोप नाही, चमचा नाही. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातं आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघतो. काचही टाळा, उष्णतेने तडकते. ही भांडी पुन्हा स्वयंपाकात नेऊ नका.

कातडीवर थेंब उडाला तर ताबडतोब वाहत्या पाण्याखाली धरा, पंधरा-वीस मिनिटं. कॉस्टिकवर व्हिनेगर किंवा लिंबू चोळायचं असं अनेक जण सांगतात. ते करू नका, त्या दोघांच्या क्रियेत आणखी उष्णता निघते आणि पाणी घालण्याचा वेळ जातो. डोळ्यात गेलं तर पाण्याने धुतच थेट दवाखाना. कुणी गिळलं तर ओकारी काढायची नाही, सरळ इस्पितळ गाठायचं.

कृती

पाणी आधी, कॉस्टिक नंतर. मोजलेल्या गार पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं सोडत ढवळायचं. उलट, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. पाणी क्षणात ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापतं आणि मिनिटभर घसा जाळणारी वाफ निघते. तोंड बाजूला ठेवा. विहिरीचं पाणी नको, त्यातल्या क्षारांनी साबणावर साका येतो. डिस्टिल्ड वॉटर सगळ्यात चांगलं. गॅरेजवरून बॅटरीचं पाणी आणत असाल तर बाटलीवरचं नाव दोनदा वाचा, शेजारच्या बाटलीत अ‍ॅसिड असू शकतं. पाणी नितळ झालं की झाकून निवायला ठेवा.

तोवर कोकमतेलाचा गोळा मंद आचेवर वितळवा आणि बाकीची तेलं त्यात घाला. दोन्ही भांडी साधारण 45 अंशांवर आली की एकत्र करायची. याहून फार गार करू नका. कोकमतेल चाळिशीच्या आसपास गोठायला लागतं, मिश्रण घट्ट दिसतं आणि साबण झाला असं वाटतं, प्रत्यक्षात तेल नुसतं थिजलेलं असतं.

कॉस्टिकचं पाणी बारीक धारेने तेलात ओता. हँड ब्लेंडरचं पातं पूर्ण बुडलेलं ठेवून काही सेकंद फिरवा, मग नुसतं ढवळा, परत फिरवा. रवी वापरू नये, शिंतोडे उडतात. मिश्रण आंबोळीच्या पिठाइतकं दाट झालं आणि वरून सोडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर दिसून मग बुडाली, की थांबा. ब्लेंडर चालवत बसलात तर ते भांड्यातच घट्ट होईल.

वास हवा असेल तर याच वेळी वाळ्याचं किंवा गवती चहाचं तेल 10 ग्रॅम. सुरंगी, बकुळीची फुलं घालायचा मोह होतो, पण कॉस्टिकमध्ये ती काळी पडतात आणि वासही उरत नाही. कोकमाचं आगळ तर नकोच, त्यातलं आम्ल कॉस्टिक खातं आणि लाल रंगही टिकत नाही. हळद घातली तर ती लालसर होते, चुना लावून हळदीचं कुंकू करतात तीच क्रिया. चिमूटभर पुरे.

दुधाच्या एक लिटरच्या खोक्यात किंवा बटर पेपर लावलेल्या लाकडी पेटीत ओता, वर पुठ्ठा आणि जुनी गोधडी. खोबरेलाचा साबण लवकर टणक होतो. बारा ते अठरा तासांत कापायला घ्या, नाहीतर सुरी घातल्यावर तुकडे पडतात. हातमोजे इथेही हवेतच. भांडी दुसऱ्या दिवशी घासली तरी चालतील, तोवर त्यातलं मिश्रणही साबण झालेलं असतं.

वाळवण

वड्या सुपात किंवा बांबूच्या चटईवर, एकमेकींना न चिकटवता, चार ते सहा आठवडे. समुद्राकडच्या खिडकीजवळ नाही. आतल्या खोलीत, माळ्यावर किंवा पंख्याखाली ठेवा आणि आठवड्याने उलट्या करा. वर पांढरी भुकटी आली तर तो धुण्याचा सोडा आहे, कॉस्टिक नव्हे, पुसून काढा. कापताना आत पाण्याची पोकळी दिसली आणि ते पाणी झोंबलं, तर मात्र तो सगळा घाणा टाकून द्या.

सहा आठवड्यांनी ओलं बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला लावा. नुसती साबणाची कडवट चव आली तर ठीक, झिणझिण्या आल्या तर अजून दोन आठवडे थांबा. तेव्हाही झिणझिण्या असतील तर अंगाला लावू नका.

शेजारीपाजारी देणं वेगळं. विकायचा असेल तर 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो.

पाऊस सुरू झाला की ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं आणि वाळलेल्या वडीलाही घाम फुटतो. साबण त्याने बिघडत नाही. तरी मेअखेरीस एकेक वडी कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी, आणि न्हाणीघरात एका वेळी एकच काढावी, तळाला भोकं असलेल्या साबणदाणीत.