राफ्ट भरण्याआधी प्रत्येक सेन्सर मुठीत धरा

डिप्लोमा झाल्या झाल्या अडीच मीटर जाडीच्या राफ्टमधलं, म्हणजे इमारतीच्या पायाच्या सलग काँक्रीट थरातलं, तापमान मोजायचं काम माझ्याकडे आलं. एक केबल, तिच्यावर पाच डिजिटल सेन्सर आणि टोकाला आकडे नोंदवणारा लॉगर.

सिमेंट पाण्याशी अभिक्रिया करताना तापतं. वरच्या थराची उष्णता हवेत जाते, गाभ्यातली कोंडून राहते. गाभा ७० अंशांच्या आत आणि गाभा व पृष्ठभाग यांतला फरक २० अंशांच्या आत, अशी आमच्या कामाची अट होती. फरक वाढला की पृष्ठभागाला तडे जातात.

सेन्सर डीएस१८बी२० जातीचे. पाचही त्याच तीन तारांवर, प्रत्येकाला कारखान्यातूनच ६४ बिटांचा पत्ता. आमचा लॉगर त्यांना पत्त्यांच्या क्रमाने लावत होता, खोलीच्या नव्हे. मला हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी आलेखात मधला थर सगळ्यांत गार दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. राफ्ट भरून झालेला. केबल आता कायमची आत. दिवस-रात्रीबरोबर जो आकडा खालीवर होत होता तो वरचा, असं ताडून कशीबशी खोली जुळवली.

तेव्हापासून केबल सळईला बांधण्याआधी एकेक सेन्सर मुठीत धरतो. ज्याचा आकडा चढेल त्याचा पत्ता आणि खोली वहीत लिहितो. मग सगळे बर्फ कालवलेल्या पाण्यात बुडवतो. शून्याच्या अर्ध्या अंशापलीकडे जो दाखवेल, तो बाद. केबल सळईच्या खालच्या अंगाला बांधा, म्हणजे काँक्रीट हलवून बसवणाऱ्या व्हायब्रेटरचा मार चुकतो.

८५ या आकड्यापासून जपा. वीज मिळाल्यावर पहिलं मापन होईपर्यंत या सेन्सरमध्ये ८५ हाच आकडा असतो. लांब केबलवर व्होल्टेज क्षणभर पडलं तरी तो परत येतो. एरवी चूक लगेच कळली असती, पण तापलेल्या काँक्रीटमध्ये ८५ खराच वाटतो. काँक्रीट दहा मिनिटांत वीस अंश चढत नाही. आधीचं आणि नंतरचं वाचन बघा, जोडण्या तपासा.

पुढच्या राफ्टला तिसऱ्या दिवशी फोरमन म्हणाले, "लई तापलाय, वरून गार पाणी सोडतो."

"काका, थांबा. गाभा ६४, वरचा थर ४६. पाण्याने वरचाच गार होईल, फरक वीसच्या पार जाईल."

त्यांनी वही हातात घेतली, दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून वजाबाकी केली आणि पोरांना थर्माकोलच्या शीट परत अंथरायला सांगितल्या.