हिवाळ्यात मुंबईजवळ पायी भटकताना या चुका टाळा

"आत्ता भिवपुरीच्या धबधब्याला पाणी असेल का गं?" दर डिसेंबरात हा प्रश्न मला कुणीतरी विचारतंच. नसतं. पावसाळ्यातले फोटो बघून जानेवारीत निघालात तर तिथे फक्त कोरडा कातळ भेटेल आणि हिवाळा उगाच बदनाम होईल. हिवाळ्यात बघायचं ते वेगळं असतं: कापणीनंतरची सोनेरी धसकटं, वालाचे हिरवे तुकडे, जानेवारीअखेर पानं झडून लाल फुलांनी भरलेली काटेसावर. हे सगळं लोकलच्या तिकिटात बघता येतं.

सगळ्यात महागात पडते ती उशिरा निघण्याची चूक. "थंडी आहे, नऊला निघू" असं म्हणून आम्ही एकदा नेरळच्या बाजूला गेलो. साडेदहाला शेतात पोचलो आणि अकराला सावली शोधत होतो. बरोबरच्या मावशींचं डोकं दुखायला लागलं. सहा जणांत पाण्याच्या दोनच बाटल्या होत्या. तो दिवस मी विसरलेले नाही.

मुंबईत पहाटे पारा 16-17 अंशांवर असला तरी दुपारी तो 30च्या वर जातो. सकाळी वारा जमिनीकडून येतो आणि तो कोरडा असतो. घाम लगेच वाळतो, त्यामुळे तहान लागल्याचं कळतच नाही. समुद्रावरचा गार वारा सुरू व्हायला दुपार उजाडते. म्हणून माणशी दोन लिटर पाणी घ्याच. ओढ्याच्या भरवशावर राहू नका, तो आटलेला असतो. स्वेटर तासाभरात पिशवीत जाणार आहे, त्याच्याऐवजी पातळ पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी घ्या.

आता वेळेचं गणित. जानेवारीच्या मध्याला मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणजे डिसेंबरपेक्षाही उशिरा. त्यामुळे सातला स्टेशनवर उतरलात तरी पहिलं ऊन तुमचंच आहे. उलट डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं. येऊर किंवा बोरिवलीच्या जंगलाकडे गेलात तर तिन्हीसांजेला तिथे थांबू नका. बिबट्यांचं ते घर आहे आणि त्यांची फिरायची वेळ तीच.

परतीचा विचारही घरूनच करून निघा. रविवारी मध्य आणि हार्बर रेल्वेवर बहुधा अकरा ते चारच्या दरम्यान मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, असतो, नेमका आपण दमून स्टेशनवर येतो तेव्हा. आदल्या दिवशी वेळ बघून ठेवा. आणि सोमवारी सुट्टी काढून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरवू नका. सोमवारी ते बंद असतं, आतली कान्हेरी लेणीसुद्धा.

शेत हे कुणाचं तरी पोट आहे

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. भात कापून झालं की शेत रिकामं वाटतं आणि लोक सरळ मधून चालत सुटतात. खाली वाकून बघा. धसकटांच्या मधल्या जागेत बोटभर उंचीचे वालाचे कोंब असतात, पानांवर दव. या वालाला कुणी पाणी देत नाही. भातानंतर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर आणि दवावर तो वाढतो. एक पाय पडला की तो कोंब गेला. "ताई, बांधावरनं चला," असं एका आजीने मला शांतपणे सांगितलं होतं, तेव्हापासून मी बांध सोडत नाही. शेंगा हव्या असतील तर विकत मागा, लोक आनंदाने देतात. आणि वाळलेल्या गवताजवळ विडी, सिगारेट, चूल काहीही पेटवू नका. एका ठिणगीने अख्खी टेकडी वणव्यात जाते.

झिजलेल्या तळव्याचे बूट नकोत. पावसात चिखल दिसतो, सावध होता येतं. हिवाळ्यात घसारा, म्हणजे सुटी माती-खडी, वाळक्या गवताखाली लपलेला असतो आणि उतरताना पाय सटकतो. लोकरी मोजेही नकोत, कुसळं त्यांत घुसतात आणि घरी येऊन एकेक उपटत बसावं लागतं. बारीक विणीचे मोजे घाला, पँट त्यांत खोचा.

वसईच्या राजोडी-कळंब किनाऱ्याने चालणार असाल तर भरतीची वेळ न बघता निघू नका. कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. दिवसातून दोनदा, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीच्या सकाळी किनाऱ्याऐवजी वाड्यांतल्या वाटांनी चाला आणि वाळूवर दुपारी बाराच्या सुमारास जा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मात्र पहाटेपासूनच ओली, कडक वाळू चालायला मोकळी मिळते.