रोडच्या गाडीत लाल डिझेल: अमेरिकेत पिकअप चालवणाऱ्यांनो, या चुका टाळा

आमच्या ओळखीतल्या चार-पाच मराठी घरांनी इथे टेक्ससमध्ये गावाबाहेर पाच-दहा एकर जागा घेतली, मग ट्रॅक्टर आला, ट्रेलर ओढायला डिझेल पिकअप आला, आणि मग प्रत्येक घरी एकदा तरी तो प्रश्न निघालाच की ट्रॅक्टरसाठी आणलेलं लाल डिझेल पिकअपमध्ये टाकलं तर काय होतं? इंजिनला काही होत नाही. तुम्हाला होतं.

आधी हे लाल डिझेल म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण निम्म्या चुका इथूनच सुरू होतात. पंपावरचं साधं डिझेल आणि हे ऑफ-रोड डिझेल, इंधन म्हणून जवळपास एकच. फरक टॅक्सचा. रोडच्या डिझेलवर केंद्राचा टॅक्स गॅलनला २४.४ सेंट, जो १९९३ नंतर वाढलाच नाही, आणि त्यावर प्रत्येक राज्याचा वेगळा, आमच्या टेक्ससमध्ये २० सेंट. यातला बहुतेक पैसा रस्ते-पुलांच्या फंडात जातो. ट्रॅक्टर, जनरेटर, बांधकामाची मशिनं रस्ता वापरत नाहीत, म्हणून त्यांच्या डिझेलला हा टॅक्स नाही, आणि ते ओळखू यावं म्हणून त्यात सॉल्व्हेंट रेड १६४ नावाचा लाल रंग मिसळतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत इथे डिझेलच्या टॅक्सची प्रचंड चोरी चालायची, न्यूयॉर्कच्या बाजूला तर माफियाच त्यात उतरला होता, म्हणून १९९४ पासून हा रंगाचा नियम आला.

आपल्याला हे नवीन नाही खरं तर. रेशनचं निळं रॉकेल आठवतंय ना? ते निळं का होतं, तर स्वस्तातलं रॉकेल ट्रकच्या डिझेलमध्ये गेलं तर कळावं म्हणून. आणि त्या भेसळीच्या मागे किती पैसा होता ते महाराष्ट्राने बघितलंय, २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणेंना भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं. इथलं लाल डिझेल आणि तिथलं निळं रॉकेल यात फरक खूप आहेत, पण रंगाला हलक्यात घेऊ नका एवढं मला त्या बातमीनंतर कायमचं कळलंय.

आता चुका. सगळ्यात मोठी चूक, "एका टाकीने काय होतंय" हा हिशोब. करूनच बघा. टेक्ससमध्ये दोन्ही टॅक्स मिळून गॅलनला ४४.४ सेंट वाचतात, ३० गॅलनची टाकी धरली तर १३ डॉलर ३२ सेंट. दंड? केंद्राचा कायदा म्हणतो १,००० डॉलर किंवा गॅलनला १० डॉलर, यातलं जे जास्त असेल ते. म्हणजे एका वेळेच्या कमीत कमी दंडाइतकी "बचत" व्हायला पंचाहत्तर टाक्या लागतील. परत सापडलात तर हजाराचा आकडा आधीच्या दंडांच्या संख्येप्रमाणे वाढत जातो. राज्याचा दंड याच्यावर वेगळा. आणि कंपनीच्या नावावर ट्रक असेल तर ज्या मॅनेजरने किंवा पार्टनरने हे मुद्दाम करू दिलं, तोही वैयक्तिक जबाबदार धरला जाऊ शकतो, हे लहान ट्रकिंगवाल्या आपल्या लोकांना अजिबात माहीत नसतं.

"मला माहीत नव्हतं" हे उत्तर पण फार चालत नाही. कायद्याची भाषा अशी आहे की माहीत होतं किंवा माहीत असायला कारण होतं. ज्या पंपावरून टॅक्स न लावलेलं डिझेल विकतात त्यावर स्टिकर लागतो, "डाइड डिझेल फ्युएल, नॉनटॅक्सेबल यूज ओन्ली, पेनल्टी फॉर टॅक्सेबल यूज". स्टिकर समोर असताना कारण नव्हतं असं कसं म्हणणार? म्हणून नॉझलच्या रंगावर जाऊ नका. बऱ्याच ठिकाणी रोडच्या डिझेलचं हँडल हिरवं असतं पण तो नियम नाहीये, एखाद्या खेड्यातल्या पंपावर भलताच रंग असतो. स्टिकर वाचा, रात्री असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून वाचा.

चुकून भरलंच तर? गाडी चालू करून घरी नेऊ नका, आणि मुख्य म्हणजे वरून साधं डिझेल ओतून "पातळ" करायचा विचार मनात आणू नका. एक तर रंग खूप तीव्र असतो, थोड्याशा लाल डिझेलने सुद्धा सगळी टाकी गुलाबी दिसते. दुसरं, मुद्दाम रंग कमी करणं किंवा काढणं हाच वेगळा गुन्हा आहे, त्याचा दंडही तोच. काही जण केमिकलने रंग काढायच्या गोष्टी सांगतात. आयर्लंडच्या सीमाभागात हा धंदा वर्षानुवर्षं चालला, त्यातून निघालेला विषारी गाळ रस्त्याच्या कडेला आणि शेतात टाकलेला सापडायचा, आणि असं धुतलेलं डिझेल ज्यांनी घेतलं त्यांचे पंप आणि इंजेक्टर गेले. चुकून भरलं तर टाकी रिकामी करा, फिल्टर बदला, साधं डिझेल भरा, आणि पंपाची, मेकॅनिकची, दोन्ही पावत्या जपून ठेवा. काढलेलं डिझेल फेकायचं नाही, ते ट्रॅक्टरला चालतं.

मला हे सगळं शिकवलं ते एका जुन्या पिकअपने. एका शेतकऱ्याकडून घेतला होता, गाडी छान, टायर नवे, भाव पण बरा. घेऊन दोन आठवडे झाले असतील, इंधनातलं पाणी काढायला मी खालच्या वॉटर सेपरेटरचा कॉक उघडला, बायकोनं लोणच्याची रिकामी काचेची बरणी दिली होती ती खाली धरली, आणि बरणीत पडलं ते कोकम सरबतासारखं. आधी वाटलं गंज असेल. मग मागे पांढरा कागद धरला, उन्हात बघितलं, गंज नव्हता, स्वच्छ पारदर्शक गुलाबी. टाकीतलं तर मी स्वतः पंपावरून भरलेलं, तेही दोन वेळा, तरी रंग होता! विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला गाडी शेतातच जास्त फिरायची. गाडीला नंबर प्लेट होती, माझ्याकडे ती हायवेवरून आली होती, आणि ते दोन आठवडे मी रोज तिच्यातून ऑफिसला जात होतो. रस्त्यात कोणी थांबवलं असतं तर मी काय सांगणार होतो? संध्याकाळीच टाकी रिकामी करायला लावली, दोन्ही फिल्टर बदलले, जुना फिल्टर कापून बघितला तर आतला कागद पक्का गुलाबी रंगलेला. त्यानंतर पुढच्या टाकीला परत बरणी धरली तेव्हा कुठे हलका पिवळट रंग आला, आपल्या नेहमीच्या डिझेलचा.

तेव्हापासून कोणी जुनी डिझेल गाडी बघायला मला बरोबर नेलं तर मी बोनेटच्या आधी खाली वाकतो. स्वच्छ काचेची बरणी आणि पांढरा कागद, एवढंच लागतं. विकणारा कप-दोन कप डिझेल काढू देत नसेल तर ती गाडी घेऊ नका, सरळ सांगतो. आणि घेतल्यावर पहिल्याच दिवशी फिल्टर बदला, तारीख लिहून ठेवा, म्हणजे आधीच्या मालकाचा रंग तुमच्या नावावर चिकटणार नाही.

यातच एक छोटी गोष्ट, काही लोक इंजेक्टरला वंगण म्हणून डिझेलमध्ये ट्रान्समिशन ऑइल ओततात. ते ऑइल पण लालच असतं. तपासणीच्या वेळी हे समजावत बसायची वेळ आणू नका, आणि नव्या इंजिनांना ते चांगलंही नाही.

तपासणी कुठे होते असं सगळे विचारतात. इन्कम टॅक्स बघणाऱ्या आयआरएसचेच इंधन तपासणारे लोक असतात, राज्याचेही असतात, ते टाकीतून नमुना काढून बघतात. हायवेवर असू शकतात, जिथे खूप डिझेल गाड्या जमतात तिथेही असू शकतात. नमुना द्यायला नकार दिलात तर त्या नकाराचाच १,००० डॉलर दंड आहे, टाकीत काही असो वा नसो. त्यामुळे भांडू नका, काढू द्या.

पिकअपच्या मागच्या हौद्यात जी जास्तीची टाकी बसवतात तिची गंमत समजून घ्या, इथे चांगले शहाणे लोक फसतात. त्या टाकीत लाल डिझेल भरून शेतात ट्रॅक्टरपाशी नेणं हे चालतं. पण तीच टाकी पाइपने पिकअपच्या मुख्य टाकीला जोडलेली असेल तर ते गाडीचंच इंधन झालं. उलट फ्रीजवाल्या ट्रेलरचं थंडाव्याचं मशीन वेगळ्या टाकीवर चालतं, त्या टाकीत लाल डिझेल चालतं कारण ते मशीन गाडी ओढत नाही. प्रश्न एकच विचारायचा, हे डिझेल रस्त्यावर चाकं फिरवतंय का? फिरवत असेल तर टॅक्स भरलेलंच पाहिजे.

घरी कॅन वेगळे ठेवा. इथे पद्धत अशी आहे की पेट्रोलचा कॅन लाल, डिझेलचा पिवळा, रॉकेलचा निळा, आणि मग दोन्ही डिझेल पिवळ्याच कॅनमध्ये येतात आणि घोळ होतो. ट्रॅक्टरच्या कॅनवर मार्करने मोठ्ठं "फक्त ट्रॅक्टर" लिहा, मराठीत लिहिलं तरी चालेल, घरातल्या सगळ्यांना कळलं पाहिजे. हातपंप आणि पाइप पण दोन ठेवा, पाइपात राहिलेलं लाल डिझेलच पहिल्यांदा टाकीत जातं.

उत्तरेकडे ज्यांच्या घराला हीटिंग ऑइल लागतं त्यांच्यासाठी, ते पण लालच असतं आणि ते तळघरातून उपसून गाडीत टाकायचा मोह बर्फात होतो. त्याला तोच दंड. शिवाय सगळीकडचं हीटिंग ऑइल रोडच्या डिझेलइतकं कमी गंधकाचं असेलच असं नाही. रोडच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखात १५ भागांपेक्षा जास्त नसतं, आता ट्रॅक्टरच्या डिझेललाही तीच मर्यादा आहे, पण तळघरातल्या जुन्या टाकीत काय साठलंय कोणाला माहीत. नव्या पिकअपच्या धुराड्यातला फिल्टर यानं लवकर भरतो आणि तो बदलायचा खर्च हजारांत जातो.

वादळात सूट मिळते हे खरंय पण अर्धवट ऐकू नका. २०१७ मध्ये हार्वे वादळानंतर आयआरएसने टेक्ससमध्ये ठरावीक दिवसांसाठी हा दंड लावणार नाही असं जाहीर केलं होतं, कारण साधं डिझेल मिळत नव्हतं. ती सूट दंडाला होती, टॅक्सला नव्हती, २४.४ सेंट भरायचेच होते. सूट जाहीर झाली नसेल तर नुसतं वादळ आलं म्हणून लाल डिझेल गाडीत चालत नाही.

आणि ही शेवटची चूक, जी मला सगळ्यात जास्त सलते, कारण यात पैसे आपले जातात. जवळ लाल डिझेल मिळत नाही म्हणून बरेच जण ट्रॅक्टरला पंपावरचं टॅक्स भरलेलं डिझेल घालतात आणि गप्प बसतात. अहो, शेतीच्या कामासाठी वापरलेल्या त्या डिझेलचा केंद्राचा टॅक्स परत मिळतो! वर्षाच्या टॅक्स रिटर्नला फॉर्म ४१३६ जोडायचा, गॅलनला २४.३ सेंट क्रेडिट मिळतं, ०.१ सेंट तेवढा परत येत नाही. रक्कम मोठी असेल तर वर्षभर थांबायला नको, ७५० डॉलरच्या वर गेल्यावर तिमाहीला फॉर्म ८८४९ भरता येतो. राज्याचा परतावा वेगळा, त्याचे कागद वेगळे. त्यासाठी फक्त वही पाहिजे, तारीख, गॅलन, कोणत्या मशीनला घातलं, आणि पावती. आमच्या शेडच्या दाराला आतून एक वही दोरीनं बांधलेली आहे, पेन पण बांधलंय कारण पेन कायम पळतं, आणि डिझेल ओतणाऱ्यानं हात पुसायच्या आधी त्यात लिहायचं असं ठरलंय, त्यामुळे पानांवर डिझेलचे डाग आहेत पण एकही नोंद सुटलेली नाहीये.