कुत्र्यासाठी रस्सीखेचीचं खेळणं कसं निवडावं

पाकिटावर ‘न तुटणारं’ असं कितीही मोठ्या अक्षरांत छापलेलं असो, मन लावून चावणाऱ्या कुत्र्यापुढे कुठलंच खेळणं कायमचं टिकत नाही. म्हणून ते किती दिवस टिकेल हे नंतर बघा. तुटेल तेव्हा कसं तुटेल, हे आधी बघा. दोरे सुटतील, तुकडे पडतील, की नुसतंच फाटेल?

आधी कुत्र्याचं तोंड आणि सवय पाहा. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत पक्के 42 दात येतात. या काळात हिरड्या दुखऱ्या असतात, तेव्हा मऊ फ्लीसची (लोकरीसारख्या कापडाची) जाड वेणी द्या आणि अगदी हलकंच ओढा. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत एवढंच बघा: खेळणं हाती लागलं की तो तुमच्याकडे घेऊन येतो, की कोपऱ्यात बसून कुरतडतो?

मग साहित्य ठरवा. कुरतडणाऱ्याला दोराचं खेळणं देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सुती दोर साधा आणि निरुपद्रवी दिसतो, पण गिळलेला लांब दोरा फार वाईट. त्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठरात अडकतं, उरलेला दोरा आतड्यात पुढे सरकतो आणि नाडीवर पायजम्याचं कापड गोळा व्हावं तशी आतडी त्यावर गोळा होतात. ताणलेला दोरा आतडं कापूही शकतो. मग शस्त्रक्रियेला पर्याय उरत नाही. ज्याला फक्त ओढण्यात रस आहे, त्याला घट्ट पिळाचा जाड दोर चालेल. सुटलेले दोरे मात्र वेळच्या वेळी कात्रीने कापा आणि पीळ उलगडू लागला की दोर फेकून द्या.

रबर घ्यायचं तर लवचिक घ्या. अंगठ्याचं नख दाबून पाहा. जराही खळगा पडत नसेल तर ते दातांसाठी जास्तच कडक आहे. उग्र वास येत असेल तर परत ठेवा. पोकळ रबराला एकच भोक असेल तर आत निर्वात पोकळी तयार होऊन जीभ अडकू शकते, त्यामुळे दोन भोकं असलेलंच बरं. जाड कॅनव्हासची खेळणी ओढायला उत्तम, फक्त त्यांची शिवण दुहेरी हवी. दोन्ही हातांनी जोर लावून ताणून पाहा. टाके उघडताना दिसले, तर घरी ते फार काळ टिकणार नाहीत. चिकटवलेले डोळे, बटणं, आत कापूस किंवा वाजणारी शिट्टी असलेलं खेळणं या खेळासाठी नकोच.

माप. अख्खं तोंडात मावेल किंवा घशापर्यंत सरकेल इतकं लहान नको. तुमचा हात आणि त्याचे दात यांत पुरेसं अंतर राहील, आणि ओढताना त्याची मान पाठीच्या रेषेत राहील, इतकी लांबी हवी. जोरकस कुत्र्यासाठी ताणलं जाणारं इलॅस्टिकचं हँडल घ्या. त्याच्या मानेला आणि तुमच्या खांद्याला कमी हिसके बसतात.

वापरताना डावीकडे-उजवीकडे ओढा. वर उचलून झुलवू नका, त्याने मणक्यावर ताण येतो. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना लवकर धाप लागते, त्यांना मधे मधे थांबवा. पहिल्या दिवसापासून ‘सोड’ शिकवा: सोडलं की खाऊ, आणि लगेच पुन्हा खेळ. (खेळताना तो गुरगुरला म्हणून घाबरू नका. अंग सैल आणि शेपटी हलती असेल तर ती मजाच आहे. अधूनमधून त्याला जिंकूही द्या.)

खेळ संपला की खेळणं उचलून ठेवा. खेळण्याचं आयुष्य याच सवयीने सर्वांत जास्त वाढतं, कारण खरी मोडतोड एकट्याने चावताना होते. कापडी खेळणी धुवा आणि पूर्ण वाळवा, ओलसर राहिली तर बुरशी धरते. रबराला चीर गेली की ते टाकून द्या.

उलट्या, जेवण बंद, शी करताना कुंथणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच पशुवैद्याकडे न्या. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबत असेल तर तो ओढू नका. आत अडकलेला असेल तर ओढल्याने आतडं फाटू शकतं.