अख्ख्या शाळेने सुट्टीत एकच पुस्तक वाचायचं तर

"सुट्टीत काहीतरी वाचा रे" असं सांगून सोडलं की कोणीही काही वाचत नाही. त्यापेक्षा अख्ख्या शाळेला एकच पुस्तक द्या. आमची साताऱ्याकडची जिल्हा परिषदेची शाळा. आम्ही 'श्यामची आई' घेतो, आणि त्यामागे हिशेब आहे. पुस्तकात ४२ रात्री, म्हणजे श्यामने एकेका रात्री सांगितलेल्या ४२ गोष्टी. १ मेला पहिली वाचली, तर बेचाळिसावी येते ११ जूनला, म्हणजे साने गुरुजींच्या स्मृतिदिनी. पुढच्या चार-पाच दिवसांत शाळा उघडते. (विदर्भात शाळा उशिरा भरतात, तिकडे थोडं मागेपुढे करा.)

महाराष्ट्र दिनाच्या झेंडावंदनाला पालकांना आवर्जून बोलवा आणि पुस्तक त्यांच्याच हातात ठेवा. दप्तरात गेलेलं पुस्तक जूनपर्यंत दप्तरातच राहतं. प्रत्येकाला प्रत नकोच. एका आळीला एक पुरे. म्हणजे संध्याकाळी कोणाच्या तरी ओसरीवर जमावंच लागतं. सहावी-सातवीच्या पोरींनी वाचायचं, पहिली-दुसरीतल्यांनी ऐकायचं. भाकरी थापता थापता आयाही ऐकतात. गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे कॉपीराइट कधीच संपलाय. प्रती कमी पडल्या तर खुशाल झेरॉक्स काढा.

मामाच्या गावाला गेलेल्यांसाठी वाचन फोनवर रेकॉर्ड करून वर्गाच्या ग्रुपवर टाका. मध्येच कुकरची शिट्टी वाजली तर वाजू द्या. घरात स्मार्टफोन नसेल त्याला निघतानाच तेवढ्या रात्रींच्या झेरॉक्स द्या.

सारांश लिहून आणा, प्रकल्पवही करा, हे अजिबात नको. आठवड्याला एकच प्रश्न द्यायचा, तोही घरातल्या मोठ्यांशी वाद घालता येईल असा. पोहायला घाबरून श्याम लपून बसतो आणि आई त्याला मारून विहिरीवर धाडते. तिचं बरोबर की चूक? आमच्याकडे यावर आजोबा एकीकडे, आया दुसरीकडे अशी जुंपते. पत्रावळीची गोष्ट आली की ज्याला पत्रावळ लावता येते अशा आजोबांना पळसाची पानं घेऊन ओसरीवर बसवा. त्या दिवशी वाचन कमी झालं तरी चालेल.

शेवटच्या काही रात्रींना मात्र जपून. श्यामची आई आजारी पडते, जाते. आपल्या शाळेत आई नसलेलं लेकरू असेल तर त्याच्या घरी आधी जाऊन या. वाचायचं, नुसतं ऐकायचं की त्या दिवसांत यायचंच नाही, हे त्यालाच ठरवू द्या. आणि त्याच्याकडे सगळ्यांच्या माना वळणार नाहीत, एवढं वाचणाऱ्या पोरींना सांगून ठेवा.

शाळा उघडली की चाचणी घेऊ नका. विहिरीचा प्रश्न फळ्यावर लिहा, खाली 'बरोबर' आणि 'चूक' असे दोन रकाने आखा. मुलांनी पांढऱ्या खडूने रेघ मारायची, सोडायला आलेल्या पालकांनी रंगीत खडूने. फळा आठवडाभर पुसू नका. गावाहून उशिरा परतणाऱ्यांच्या रेघा राहिलेल्या असतात.