निफेडिपिनच्या गोळीमुळे घोट्यांना आलेली सूज कशी उतरली: माझा अनुभव

रक्तदाबासाठी निफेडिपिनची ६० मिलिग्रॅमची एक्स्टेंडेड रिलीज गोळी सुरू झाली. दाब आटोक्यात आला, पण संध्याकाळपर्यंत दोन्ही घोटे सुजायचे. बोटाने दाबलं की खळगा पडायचा, सकाळी सूज बरीच ओसरलेली असायची.

मीठ कमी केलं, पायाखाली उशी घेतली, डॉक्टरांनी लघवीची गोळीही देऊन पाहिली. फरक जवळपास नाही. फार वैताग आला होता.

कारण असं: हे औषध बारीक धमन्या सैल करतं, शिरा मात्र तितक्या सैल होत नाहीत. मग केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी आजूबाजूला झिरपतं. अंगात जास्तीचं पाणी साठलेलं नसतं, म्हणून लघवीच्या गोळीचा उपयोग कमी.

जमलं ते या क्रमाने. आधी घरी सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, दाब मोजून लिहून ठेवला. त्या नोंदी पाहून डॉक्टरांनी हृदय आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या केल्या; तिथे दोष नव्हता. मग निफेडिपिन ३० वर आणलं आणि टेल्मिसार्टन ४० हे रक्तदाबाचं दुसरं औषध जोडलं, कारण ते शिराही सैल करतं. ३० ची वेगळी गोळी आणली. ६० ची मोडायची नाही, चावायची नाही. नाहीतर दिवसभर हळूहळू सुटणारं औषध एकदम अंगात जातं. नंतर रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) तपासलं. सूज उतरली, दाबही टिकला.

सूज एकाच पायाला असेल आणि तो दुखत असेल, किंवा धाप लागत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गोळी स्वतःहून बंद करू नका.